रोजा धरणारा रुग्ण आणि त्याला सांभाळणारे हात

रमजान महिना सुरू झाला की गावाचे घड्याळच बदलते. पहाट फुटण्याआधी घराघरांत दिवे लागतात, सहेरीची भांडी वाजतात आणि मग सूर्यास्ताच्या अजानपर्यंत तोंडात अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. ऋतूप्रमाणे आपल्याकडे हा काळ साधारण बारा ते साडेचौदा तासांचा असतो. धडधाकट माणसाचे शरीर दोन-चार दिवसांत या वेळापत्रकाला सरावते. प्रश्न असतो तो घरातल्या आजारी माणसाचा.

इस्लामने आजारी माणसावर रोजाची सक्ती केलेली नाही. पवित्र कुरआनच्या सूरह बकरामधील १८४ व १८५ या आयतींत आजारी आणि प्रवासी यांना सवलत दिली आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करावेत. ज्याचा आजार कायमचा आहे, त्याने फिदया द्यावा, म्हणजे रोजाच्या बदल्यात गरिबाला जेवू घालावे. इतका सरळ मार्ग असूनही घरातली वडीलधारी माणसे ऐकत नाहीत. चाळीस वर्षे रोजा न चुकवलेल्या दादीला 'तुम्हाला माफ आहे' असे सांगणे सोपे नसते. सगळे घर सहेरीला उठलेले असताना आपण तेवढे दुपारी एकट्याने ताट वाढून घ्यायचे, हे तिला आजारापेक्षा जड वाटते. मग ती रोजा धरते, आणि पुष्कळदा डॉक्टरांना सांगतही नाही.

यातला धोका किती, याची मोठी पाहणी २००१ साली १३ देशांत झाली. तिच्यात १२,२४३ मधुमेही रुग्ण होते. टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी जवळपास ७९ टक्के लोकांनी निदान पंधरा दिवस रोजे धरले होते. त्या महिन्यात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण टाइप १ मध्ये ४.७ पट आणि टाइप २ मध्ये ७.५ पट वाढलेले दिसले. म्हणजे रुग्ण रोजे धरणारच, हे गृहीत धरून त्याला सांभाळण्याची व्यवस्था हवी.

ही व्यवस्था कोण उभी करते? आपल्या डोळ्यांसमोर लगेच डॉक्टर येतात, आणि ते योग्यच आहे. पण गर्दीच्या ओपीडीत "डॉक्टरसाहेब, रोजे धरू का?" या प्रश्नाला दोन मिनिटे मिळाली तरी खूप झाले. डॉक्टर 'धरा' किंवा 'धरू नका' एवढे सांगू शकतात. धरायचे तर ताटात काय घ्यायचे, साखर कधी तपासायची, गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, डायलिसिसच्या दिवशी काय करायचे, या प्रश्नांची उत्तरे रुग्णालयाच्या दुसऱ्या खोल्यांत असतात. त्या खोल्यांत बसतात आहारतज्ज्ञ, लॅब टेक्निशियन, डायलिसिस टेक्निशियन, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, एक्स-रे काढणारे, वैद्यकीय समाजसेवक. आपण त्यांना सरसकट 'स्टाफ' म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात रुग्णाचा सर्वांत जास्त वेळ जातो तो याच माणसांच्या सोबत.

ताटाचा हिशेब

मधुमेह आणि रमजान या विषयावर इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनने इतर तज्ज्ञांसोबत २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली आणि २०२१ मध्ये ती सुधारली. तिच्यात सांगितले आहे, की रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाची तपासणी व्हावी आणि त्याची जोखीम कमी, मध्यम की जास्त हे ठरवावे. ज्याची जोखीम जास्त, त्याने रोजा धरू नये. ज्याला परवानगी मिळते, त्याचे पुढचे काम आहारतज्ज्ञाकडे सुरू होते.

चांगला आहारतज्ज्ञ आधी विचारतो, तुमच्याकडे इफ्तारला काय असते? खजूर किती, सरबत किती, भजी-समोसे रोज की जुम्म्यालाच? सहेरी किती वाजता करता, की रात्रीच जेवून झोपता? पुष्कळ वयस्कर मंडळी झोपमोड नको म्हणून सहेरी टाळतात किंवा चहा-पावावर भागवतात. अशा माणसाची साखर दुपारी तीन-चारच्या सुमारास उतरू लागते. म्हणून आहारतज्ज्ञ सांगतो, सहेरी जितकी उशिरा करता येईल तितकी करा. तिच्यात ज्वारीची भाकरी, डाळ, अंडे, दही असे सावकाश पचणारे घ्या. इफ्तारला एखादा-दुसरा खजूर आणि पाणी घ्या, मग नमाज आणि त्यानंतर बेताचे जेवण. सरबताचा पेला आणि तळणीचा डबा यांच्याबद्दल तो थोडे कडक बोलतो. ईदच्या शीरखुर्म्याची वाटीही तो आधीच ठरवून देतो, कारण ती वाटी चुकणार नाही हे त्याला माहीत असते.

साखर तपासायला शिकवण्याचे कामही इथेच होते. सहेरीआधी, सकाळी, दुपारी, इफ्तारआधी, इफ्तारनंतर दोन तासांनी आणि अस्वस्थ वाटेल तेव्हा केव्हाही साखर तपासावी. बोटातून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे अनेक जण दिवसभर तपासतच नाहीत. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, की त्याच क्षणी रोजा सोडायचा. ७० ते ९० च्या दरम्यान असेल तर तासाभरात पुन्हा पाहायची. हात थरथरणे, दरदरून घाम येणे, छाती धडधडणे, बोलणे असंबद्ध होणे ही साखर उतरल्याची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

एक छोटी गोष्ट आहारतज्ज्ञ हमखास सांगतो. खजूर किंवा फळे हाताळल्यावर हात न धुता बोट टोचले, तर बोटावरची साखर रक्तात मिसळून आकडा खोटाच वाढलेला दिसतो. आधी हात धुऊन पुसा, मग बोट टोचा.

नळीच्या टोपणाचा रंग

रक्त तपासायला गेल्यावर लॅबमधली ताई किंवा दादा पहिला प्रश्न विचारतात, "शेवटचे केव्हा खाल्ले?" एरवी उत्तर 'रात्री' असते. रमजानमध्ये उत्तर 'पहाटे साडेचारला' असते आणि नमुना सकाळी नऊला घेतला जात असतो. उपाशीपोटीच्या साखरेसाठी निदान आठ तास लागतात. म्हणजे हा रुग्ण रोजात असूनही तपासणीच्या हिशेबाने उपाशी नाही! हा प्रश्न विचारला गेला नाही, तर अहवालात साखर वाढलेली दिसेल आणि त्यावरून गोळी वाढेल. गोळी वाढली की दुपारी साखर उतरेल. एका साध्या प्रश्नाने हे सगळे टळते. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसी तपासणीला मात्र उपाशी असण्याची गरज नसते.

साखरेच्या तपासणीसाठी राखाडी टोपणाची नळी आणि एचबीएवनसीसाठी जांभळ्या टोपणाची नळी का, हेही पाहण्यासारखे आहे. रक्त नळीत घेतल्यावरही त्यातल्या पेशी साखर वापरत राहतात. नमुना तसाच पडून राहिला तर तासागणिक आकडा घसरतो. राखाडी टोपणाच्या नळीतले फ्लोराइड पेशींचे हे काम थोपवते. रक्त फार जोराने ओढले किंवा नळी जोरात हलवली, तर लाल पेशी फुटतात आणि पोटॅशियमचा आकडा खोटाच वाढतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या बाबतीत त्या एका आकड्यावर धावपळ सुरू होऊ शकते. लॅबमधल्या माणसाचा सरावलेला हात म्हणजे काय, ते इथे कळते.

चार तास मशीनजवळ

या सगळ्यांत सर्वांत जोखमीचे काम डायलिसिस टेक्निशियनचे. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी साधारण चार तास मशीनवर राहावे लागते. त्या चार तासांत मशीनमधून सुमारे १२० लिटर द्रव वाहतो. पाण्याची शुद्धता, रक्ताचा वेग, रक्तदाब, सुईची जागा या सर्वांवर टेक्निशियनची नजर असते.

रुग्ण आला की आधी वजनकाटा. मागच्या वेळी मशीनवरून उतरताना किती होते आणि आज किती आहे, यातला फरक म्हणजे अंगात साठलेले पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. त्यावरून आज किती पाणी काढायचे हे ठरते. थोड्या वेळात फार पाणी काढावे लागले तर रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, उलटी होते. म्हणून टेक्निशियन विचारतो, "खाला, खरे सांगा, काल इफ्तारला सरबत किती झाले?" खाला हसून म्हणतात, "अरे बेटा, एकच पेला!" काटा तीन किलो जास्त दाखवत असतो. तो रागावत नाही. पण तो आकडा डॉक्टरांच्या कानावर घालतो आणि पुढच्या वेळेपर्यंतचा पाण्याचा हिशेब खालांच्या मुलाला समजावून सांगतो.

इफ्तारचा दस्तरखान डायलिसिसच्या रुग्णासाठी खरोखर धोक्याचा असतो. १०० ग्रॅम खजुरांत साधारण साडेसहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. केळी, संत्री, नारळपाणी यांतही ते भरपूर. निरोगी मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकते. या रुग्णांच्या रक्तात ते साठत जाते आणि हृदयाचे ठोके बिघडवते, कधी थांबवतेही. जे फळ इतरांसाठी नेमत, ते या माणसासाठी मोजूनच. घरच्यांनी प्रेमाने दिलेला चौथा खजूर पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगात राहतो, हे टेक्निशियन रोज पाहतो आणि म्हणून सांगतो.

डायलिसिसने रोजा तुटतो, असे अनेक उलेमांचे मत आहे. शिवाय बहुतेक डॉक्टर अशा रुग्णांना रोजा न धरण्याचाच सल्ला देतात. तरीही कुणी डायलिसिस नसलेल्या दिवशी रोजा धरत असेल, तर ते टेक्निशियनला कळलेच पाहिजे. काही जण रोजासाठी डायलिसिसचा दिवस पुढे ढकलतात. तेवढे मात्र कुणीही करू नये.

ज्या हातावर फिस्टुला केलेला असतो, तो हात म्हणजे त्या रुग्णाचा प्राण. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, त्यातून रक्त काढू नये, त्याने पाण्याची बादली उचलू नये. तिथे बोट ठेवले की मांजराच्या घुरघुरीसारखी थरथर जाणवते. ती थांबली तर लगेच रुग्णालयात जायचे. हे शिकवणाराही टेक्निशियनच.

औषधांची वेळ, सांध्यांची चाल

मेडिकल दुकानातला फार्मासिस्ट आपल्याला सर्वांत जवळचा. दिवसातून तीन वेळा घ्यायच्या गोळ्या रमजानमध्ये दोन वेळांत कशा बसवायच्या, हा प्रश्न लोक आधी त्यालाच विचारतात. जबाबदार फार्मासिस्ट दोन गोळ्या एकदम घ्या असे कधीच सांगणार नाही. कोणती गोळी जेवणाशिवाय घेतल्यास साखर उतरवते, कोणती लघवी वाढवून अंगातले पाणी कमी करते, हे त्याला ठाऊक असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सहेरीला नेहमीच्याच प्रमाणात घ्यायची की नाही, यासाठी तो रुग्णाला डॉक्टरांकडे परत पाठवतो. इन्सुलिनचे इंजेक्शन, डोळ्यांचे थेंब, दम्याचा पंप यांनी रोजा तुटतो का, यावर उलेमांची मते आहेत आणि काही बाबतींत ती वेगवेगळी आहेत. ते इमामसाहेबांना विचारावे. पण उत्तर येईपर्यंत औषध बंद ठेवू नये.

फिजिओथेरपिस्टचा संबंध नमाजाशी येतो, हे इतर धर्मीय वाचकांना कदाचित नवीन वाटेल. रमजानमध्ये रात्री तरावीहची लांब नमाज असते. उभे राहणे, वाकणे, गुडघ्यांवर बसणे, कपाळ टेकणे असा तो क्रम. गुडघा बदललेल्या किंवा अर्धांगवायूतून सावरणाऱ्या माणसाला यातले किती जमेल, हे फिजिओथेरपिस्ट सांध्याचे वाकणे अंशांत मोजून सांगतो. खुर्चीवर बसून नमाज पढण्याची मुभा आहेच. खुर्ची किती उंच हवी, उठताना हात कुठे टेकायचा, दिवसभर पाणी न घेतल्याने उभे राहताच चक्कर येते तेव्हा काय करायचे, या बारीक गोष्टी तो शिकवतो. म्हातारपणी एकदा पडून खुब्याचे हाड मोडले, तर पुढच्या किती रमजानना मशिदीत जाता येईल, सांगता येत नाही.

सोनोग्राफीच्या खोलीतही रमजान येतो. पोटाची सोनोग्राफी उपाशीपोटी चालते, पण ओटीपोटाच्या सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन मूत्राशय भरलेले लागते. रोजा असलेल्या बाईने हे आधी सांगितले, तर तिथला कर्मचारी सहेरीनंतर लगेच किंवा इफ्तारनंतरची वेळ काढून देऊ शकतो. न सांगता ती तशीच बसून राहते आणि हेलपाटा पडतो.

जकात आणि कागदपत्रे

मोठ्या रुग्णालयात 'समाजसेवा विभाग' अशी पाटी असते. तिथला वैद्यकीय समाजसेवक गरीब रुग्णाचा शेवटचा आधार. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, २०१६ मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाचा लाभ कुठे मिळतो, कोणता दाखला लागतो, हे त्याला माहीत असते. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखायच्या असतात. हा हक्क अनेक कुटुंबांना समाजसेवकाकडूनच पहिल्यांदा कळतो.

रमजानमध्ये सधन मुसलमान वर्षभराच्या शिलकीवर अडीच टक्के जकात काढतात. पैसा निघतो, पण खरा गरजू सापडतोच असे नाही. डायलिसिस मोफत मिळते, मात्र आठवड्यातून तीनदा तालुक्याला येण्याजाण्याचे रिक्षाभाडे नसते, असे रुग्ण आहेत. समाजसेवकाकडे त्यांची माहिती असते. जकातीचे नियम ठरलेले आहेत, पण सदका म्हणजे ऐच्छिक दान कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येते. यंदा दान देण्यापूर्वी त्या विभागाची पायरी चढून पाहावी.

त्यांची नोंद, त्यांचा मान

परिचारिकांसाठी १९४७ पासून आणि फार्मासिस्टांसाठी १९४८ पासून देशात स्वतंत्र कायदे आहेत. लॅब, डायलिसिस, आहार, एक्स-रे अशा बहुतेक कामांना मात्र देशपातळीवर कायद्याची चौकट नव्हती. २८ मार्च २०२१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने ती दिली. त्यात दहा गटांत पन्नासहून अधिक व्यवसाय धरले आहेत. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घ्यायला निदान २,००० तासांचे शिक्षण हवे. फिजिओथेरपी किंवा आहारशास्त्रासारख्या आरोग्यसेवा व्यवसायांसाठी ही अट किमान ३,६०० तासांची आहे. त्यामुळे आपले रक्त काढणाऱ्याला किंवा आपल्या आईचा गुडघा हलवणाऱ्याला 'तुमचे शिक्षण काय, नोंदणी आहे का?' असे विचारणे आपला हक्क आहे. आणि ज्याने हे शिक्षण घेतले आहे, त्याला 'ए, इकडे ये' म्हणून हाक न मारणे हे आपले कर्तव्य.

यांच्यातले काही जण स्वतः रोजात असतात. अजान होते तेव्हा मशीनवर कुणाचे तरी रक्त फिरत असते, म्हणून ते उभ्यानेच खजूर तोंडात टाकतात आणि पुन्हा रक्तदाब पाहू लागतात. अशा वेळी शेजारच्या बेडचे मशीन पाच मिनिटे सांभाळणारा सहकारी बहुधा दुसऱ्या धर्माचा असतो. तोच एकादशीला किंवा नवरात्रात उपवास करतो, तेव्हा ही पाळी उलटी होते. त्याच्या उपाशी रुग्णांनाही हेच नियम लागू असतात. उपवास निर्जळ असो, साबुदाण्याचा असो की रोजाचा, इन्सुलिनला त्यातला फरक कळत नाही.

म्हणून या महिन्यात एवढेच करावे. घरातला आजारी माणूस रोजा धरणार असेल, तर ते लपवू नये. डॉक्टरांना तर सांगावेच, शिवाय रक्त घेणाऱ्याला, औषध देणाऱ्याला, मशीन लावणाऱ्यालाही सांगावे. त्यांनी 'थांबा' म्हटले तर थांबावे. अल्लाहने दिलेली सवलत स्वीकारणे हीसुद्धा त्याची आज्ञा मानणेच आहे. ज्यांच्या हातांनी आपली माणसे सुखरूप ईदपर्यंत पोहोचतात, त्यांच्यासाठी इफ्तारच्या दुआत दोन शब्द जरूर असावेत. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि त्यांना सांभाळणाऱ्या हातांना बळ देवो. आमीन.